पहिलं दळण घरचं

गिरणीवालीने कापडी सोंडेखाली हात धरला आणि पटकन मागे घेतला. पीठ हात पोळेल इतकं तापलं होतं. तिने पदराला बोटं पुसली, चिमटीत थोडं पीठ चोळून बघितलं आणि शिंप्याचा डबा भरू दिला. थांबायला वेळ नव्हता. सुगीचे दिवस होते. गिरणीच्या दारापासून थेट हातपंपापर्यंत डबे आणि पिशव्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि त्यांचे धनी भिंतीच्या सावलीला बसून गावातली उणीदुणी काढत होते.

शिंप्याने डब्यात बोट खुपसलं. "काय गं, पीठ दिलंस का निखारे?"

"चूल पेटवायचा त्रास वाचला तुमचा."

"हसण्यावारी नेऊ नकोस. मागचं पीठ संपायच्या आत कडू झालं. बायको म्हणते, गिरणी बदला."

"ती तुम्हाला बदलत नाही यातच समाधान माना."

सावलीतली माणसं हसली. शिंपीही हसला, पण डबा उचलताना त्याने झाकण लावलं नाही. वाफ जायला म्हणून उघडाच घेऊन गेला, आणि रस्त्याने जो भेटेल त्याला तो उघडा डबा दिसणार हे गिरणीवालीच्या ध्यानात आलं.

आत तिचा नवरा मोटरीपाशी उभा होता. भुवया, कान, मिशी, सगळं पिठाने पांढरं. मान थोडी कलती करून तो दगडाचा आवाज ऐकत होता. "गुळगुळीत झालाय," तो म्हणाला. "दाणा कापत नाही, नुसता रगडतो. म्हणून तापतंय. टाकी लावून खरखरीत करायला हवा."

"सुगी उतरू दे."

"सुगी उतरेपर्यंत माणसं उतरतील."

हे त्याचं नेहमीचं होतं. बोलायचं कमी, आणि जे बोलायचं ते असं की पुढे कामच अडावं. गिरणीवालीला काम अडलेलं सोसत नसे. दळणाला येणारी बाई एका हाताने डोक्यावरचा डबा सावरते, दुसरा हात रिकामाच असतो, हे तिने कित्येक दिवस दारात उभं राहून बघितलं होतं. त्या रिकाम्या हातात तेलबियांची पिशवी का असू नये? बियांचं तेल काढून घ्यायला सगळं गाव ओढा ओलांडून पलीकडे जात होतं. तिथे गिरणीही होती. आज बियांसाठी जातात, उद्या तिथेच दळूनही आणतील. तेलाचा एक घाणा आपल्या पडवीत बसला तर माणसं इथेच थांबतील. या हिशेबात तिला कुठे खोट दिसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर हिशेबात खोट नव्हतीच.

त्याच संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ आला. यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. हाताच्या रेघांत काळं तेल कायमचं मुरलेलं. चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्याने विषय काढला.

"ताई, तू म्हणत होतीस तसा घाणा आलाय माझ्याकडे. जुना आहे, पण मी सगळा उघडून नीट केलाय. सुगीपुरता लावून बघ. चालला तर तुझा. पण लगेच सांग, दुसरा एक माणूस रोज येऊन बघून जातोय."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो जेवत होता. घास नीट चावून गिळल्यावर म्हणाला, "मोटर एकच आहे."

"दोन्हीला तीच पुरेल, दाजी. एका दांड्यावर दोन पट्टे."

"आहे त्या पट्ट्याला दोन ठिगळं आहेत. मोटरीचा ओटा हलतो. पडवीचा पत्रा गळतो."

"आता कुठला पाऊस?" गिरणीवाली म्हणाली.

"पाऊस काय विचारून येतो? आधी दगड करू. मग पट्टा, मग ओटा, मग पत्रा. मग घाणा."

"तुमचं हे 'आधी' ऐकता ऐकता माझे केस पिकले! त्या पत्र्याचं 'आधी' मी नवी नवरी होते तेव्हापासून ऐकतेय. पत्रा अजून तसाच आहे आणि मी म्हातारी झाले."

नवऱ्याने मान खाली घातली. पत्र्याचं खरंच होतं. कोपऱ्यात तिची सासू भिंतीला टेकून बसली होती. बोळक्या तोंडातला घास इकडून तिकडे फिरवत ती म्हणाली, "दोघंही खरं बोलताय. म्हणून तर मिटत नाही."

शेवटी मधला मार्ग निघाला. गिरणी एक दिवस बंद ठेवून दगडाला टाकी लावायची, आणि दुसऱ्या दिवशी भावाने घाणा आणायचा. पट्ट्याला आणखी एक ठिगळ चालेल. ओट्याचं आणि पत्र्याचं सुगीनंतर बघू. नवरा 'बरं' म्हणाला. त्याचं 'बरं' म्हणजे होकार असतो की नुसता थकवा, हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नरसाळं काढलं, दगडावरचं लाकडी झाकण काढलं. वरचा दगड उचलायचा म्हणजे दोन माणसांचं काम. आढ्याला अडकवलेला दोर दोघांनी ओढायचा, पहार खाली सारायची, श्वास रोखून दगड कुशीवर वळवायचा. गिरणीवालीच्या दंडाच्या शिरा तटतटल्या. दगड पोत्यांवर उताणा पडला तेव्हा दोघंही खाली बसली आणि थोडा वेळ नुसती धापा टाकत राहिली.

दगडाच्या तोंडावरून तिने हात फिरवला. पाण्यातल्या गोट्यासारखा मऊ लागला.

"बघ," नवरा म्हणाला.

"बघितलं. लागा कामाला."

तो मांडी घालून बसला. डाव्या हातात टाकी, उजव्यात हातोडी. टाकीचं पोलादी टोक दगडावर बारीक बारीक खड्डे पाडत, बुजत आलेल्या चऱ्या पुन्हा खोल करत मधून कडेकडे सरकू लागलं. टक टक टक. कपच्या उडून नडग्यांवर बसत होत्या. त्याच्या डाव्या हाताच्या पाठीवर काळे ठिपके होते. टाकीचा चुरा कातडीत घुसून तिथेच राहिलेला. त्याच्या बापाच्या हातावर ते इतके होते की हात तिळाच्या पोत्यात घातल्यासारखा दिसायचा. गिरणीवाली तोंडाला फडकं बांधून केरसुणीने भुकटी झाडत होती. दुपार कलली तसा नवऱ्याचा खांदा भरून आला. मग तिने टाकी घेतली आणि खालचा दगड करायला बसली. तिचा घाव त्याच्याइतका एकसारखा पडत नसे, पण हात भरभर चाले.

सासू काठी टेकत दारात येऊन उभी राहिली. "टाकी लावली की पहिलं दळण घरचं. ध्यानात ठेवा."

"आम्ही काय आज आलोय का गिरणीत, आई?"

"सांगायचं काम माझं. माझे दात त्यातच गेलेत." तिने आ करून रिकाम्या हिरड्या दाखवल्या. "तुझ्या सासऱ्याने आयुष्यभर गावाला पीठ दिलं आणि मला खडी."

सकाळी घाणा आला. टेम्पोतून उतरवताना भावाने आणि नवऱ्याने तो दोन्ही बाजूंनी असा धरला होता की जणू वरातीतला नवरदेव. गिरणीवाली पहाटेपासून पडवी रिकामी करत होती. मोडकी खुर्ची, फाटकी पोती, कोंबड्यांची खुराडी तिने परसात नेऊन टाकली होती. घरचे गहू निवडायचे तेवढे राहिले होते. कणगीत तसेच पडून होते, खड्यामातीसकट.

तोवर गिरणीपुढे रांग लागली. एक दिवस बंद राहिल्याने दुप्पट. सगळ्यात पुढे सुईण उभी होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे तिच्यापुढे नंबर लावायची कुणाची टाप नव्हती.

"चल गं, लवकर दळून दे. वस्तीवर जायचंय, पोरगी अडलीय. आणि घरात पिठाचा कण नाही."

"जरा बसा, मावशी. टाकी लावलीय, घरचं आधी..."

"मी बसेन. ते बाळ बसणार आहे का दळणासाठी?"

रांग हसली. गिरणीवालीने पडवीकडे पाहिलं. नवरा घाण्याचे बोल्ट आवळत होता. गहू निवडायला बसावं तर सकाळ जाणार. कोपऱ्यात कोंड्याचं पोतं होतं. तिने सूपभर कोंडा नरसाळ्यात ओतला आणि फिरवून काढला. दगड साफ झाला असणार. कचरा काय, कोंड्याबरोबर निघून जातो. तिने सुईणीचा डबा उचलून ओतला.

पीठ उतरलं ते पांढरं, मऊ आणि गार. सुईणीने तळव्यावर घेतलं, तळवा गालाला लावला.

"गार आहे गं! तुझ्या सासऱ्याच्या वेळचं पीठ हे."

गिरणीवालीला इतकं बरं वाटलं की चिमूटभर जिभेवर टाकून बघायचं राहूनच गेलं.

मग डब्यामागून डबा, त्यात शिंप्याचाही. दुपारच्या सुमाराला पडवीतून भावाने हाक मारली, "ताई, ये बघायला!" रांगेतली माणसंही तिच्यामागून गेली. घाणा घरघरत होता. खालच्या पन्हळीतून तेलाची एक धार, दोऱ्याइतकी बारीक, वाकडीतिकडी होत भांड्यात पडत होती. ज्याने त्याने बोट पुढे केलं. गिरणीवालीनेही केलं आणि चाटलं. तेल कोमट होतं, त्याला भाजल्या बियांचा वास होता. तिचे डोळे भरून आले. पण इतक्या माणसांत डोळे कोण पुसणार? तिने तेलाचंच बोट नाकाला लावलं आणि सगळ्यांना हसू दिलं.

तेवढ्यात गिरणीतून करकर ऐकू आली. मागून जळका वास. नवरा धावला. नरसाळं रिकामं पडलं होतं आणि दगड दगडावर घासत होता. मोटर दोन्हीकडे ओढली जाऊन हलत्या ओट्यावर थडथडत होती. पट्टा घसरून रबर जळत होतं. त्याने पट्ट्यावर राळेची पूड टाकली, नरसाळ्यात दाणे ओतले, पुन्हा पडवीत गेला, पुन्हा गिरणीत आला. संध्याकाळपर्यंत तो असा दोन बायकांच्या दादल्यासारखा पळत राहिला. पण दिवस पार पडला. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या गिरणीवाली म्हणाली, "चाललं की नाही?" उत्तर यायच्या आत तिला झोप लागली.

सकाळी गिरणीचं दार उघडलं तेव्हा शिंपी पायरीवर बसलेला होता. मांडीवर डबा.

"त्या दिवशी निखारे, काल वाळू. आज काय देणार, विंचू?"

तिने चिमूट तोंडात टाकली. दाढेखाली कच्च वाजलं. कानापर्यंत गेलं.

त्याच्यामागून बाकीचे आले. कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर तिला उलट बोलता आलं असतं. प्रत्येकाने आपला डबा पायरीवर ठेवला, झाकण काढलं, आणि तिच्याकडे न बघता तो बाजूला उभा राहिला. आणि मग रस्त्याने सुईण आली. डोक्यावर नवा डबा. गिरणीपाशी ती थांबली नाही. ओढ्याच्या दिशेने सरळ निघून गेली. मानही वळवली नाही. डोक्यावर डबा असताना मान वळत नाही, असं गिरणीवालीने स्वतःला समजावलं.

नवऱ्याने सगळं बघितलं. "घरचं दळलं नव्हतंस?"

"कोंडा फिरवला होता."

"कोंडा," तो म्हणाला. एवढंच. कोंडा मऊ. तो खडी ओढत नाही, नुसता वरून सरकतो. हे तिलाही ठाऊक होतं. काल सकाळी फक्त ठाऊक नव्हतं. मग पायरीवरचा एक डबा उचलता उचलता तो म्हणाला, "मी विचारायला हवं होतं. मीही तेलातच होतो."

पीठ परत घ्यायचं आणि तेवढंच चांगलं पीठ द्यायचं, यावर दोघांचं एकमत व्हायला बोलावं लागलं नाही. घाण्याचा पट्टा त्याने काढून खुंटीला टांगला. दिवसभर सासूसुना गहू निवडत बसल्या. कणगी घराची, वर्षभराची. तिचा तळ दिसायला लागला तसं आत वाकून सूप भरणाऱ्या गिरणीवालीचं डोकं आणि खांदे दिसेनासे झाले.

"आत पडू नकोस," सासू म्हणाली. "काढायला माझ्यात जोर नाही."

खडीचं पीठ पोत्यात भरून ठेवलं. कोंबड्यांची चैन झाली. एरवीही त्यांना खडी लागतेच.

सुईणीचं पीठ घेऊन गिरणीवाली स्वतः गेली. सुईण ओट्यावर बसून गालाला गरम फडक्याचा शेक देत होती.

"मावशी, चुकलं माझं. हे घ्या. यात काही नाही, मी बघितलंय."

"ठेव तिथे." सुईणीने गाल दाबला. "दात होते तेव्हा चणे नव्हते. आता पोरं बापडी चणे आणून देतात, तर चावायची एकच दाढ उरलेली. तीही हलवलीस."

"वस्तीवरची बाई..."

"सुटली. मुलगी झाली. तिच्यासाठी माझ्याच पिठाची पेज केली, आणि तिने पहिल्या घोटाला माझ्याकडे बघितलं. रात्रभर कळा सोसल्या तेव्हा असं बघितलं नव्हतं."

गिरणीवालीने पीठ ओट्यावर ठेवलं. ओट्याच्या फटीतून मुंग्या चालल्या होत्या.

"मी रागावले नाही गं. दुसरीकडे जाते, एवढंच. तुझा सासरा टाकी लावली की काय करायचा, माहितीय? दारात पाट टाकून बसायचा. घरचं दळायचा आणि सगळ्यांसमोर चिमूट तोंडात टाकायचा. आम्ही त्याच्या तोंडाकडे बघायचो. तोंड वाकडं झालं की आम्ही उठून आपापल्या कामाला. सरळ झालं की डबे पुढे. त्याचं पीठ काही फार बारीक नव्हतं हो. पण तोंड खरं होतं."

परत येताना गिरणीवाली सरळ पडवीत गेली. घाण्यावर पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा पडला होता. पावसात इथूनच पाणी आलं असतं, बरोबर यंत्रावर. ती गिरणीत गेली. मोटरीच्या ओट्याला पायाने रेटलं. हलला. पट्टा हातात घेतला, ठिगळं बोटांनी चाचपली. मग नवऱ्याला म्हणाली, "दगडही पुन्हा करावा लागेल ना?"

"एकावर एक घासलाय. लागेल."

"मग बंद ठेवू. सगळं होईपर्यंत."

"सुगीत?"

"सुगीत. आणि पत्राही. पत्र्याला पुन्हा 'आधी' म्हणालात तर मीच वर चढेन."

तो हसला. मिशीतलं पीठ थोडं खाली पडलं.

भाऊ घाणा न्यायला आला तेव्हा तिने तो पुसून ठेवला होता. पन्हळ, दट्ट्या, बोल्टसुद्धा. "ताई, एकदा त्या माणसाला दिला की दिला. पुढच्या सुगीला मागशील तर माझ्याकडे नसेल."

"दे त्याला."

"नीट विचार कर."

"घेऊन जा रे, नाहीतर माझा विचार बदलेल." टेम्पो वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी होती. पडवीत जमिनीवर बोल्टांची भोकं तेवढी राहिली.

मग त्यांनी ओटा फोडला. खालची माती भुसभुशीत झाली होती. ती उपसून दगडगोटे ठोकून बसवले आणि नवा ओटा बांधला. नवरा पत्र्यावर चढला आणि गिरणीवालीने खालून शिडी धरली. त्याने मारलेल्या खिळ्यांपैकी निम्मे वाकले, ते तिने वेचून सरळ करून दिले. नवा पट्टा आला. दगड पुन्हा उताणा झाला. बंद दारासमोरून माणसं डोक्यावर डबे घेऊन ओढ्याकडे जात राहिली. टाकीच्या आवाजातही तिला ती पावलं ऐकू येत. कधी कुणी मुद्दाम मोठ्याने म्हणे, "गिरणी आहे का देऊळ बांधतायत?" ती हातोडी थांबवत नसे.

ज्या सकाळी दार उघडलं, त्या सकाळी रांग नव्हती. शिंपी होता, कारण त्याला ओढ्यापर्यंत चालायचा कंटाळा. आणखी दोघी-तिघी होत्या. गिरणीवालीने दारात पाट टाकला आणि बसली. आत नवऱ्याने घरचे निवडलेले गहू ओतले. मोटर लागली, आणि ओट्याला हात लावला तर कळणारही नाही इतकी शांत चालली. सासूने वाटीत पीठ आणून दिलं.

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने चिमूट टाकली, दाढेखाली दाबली.

कच्च. अगदी बारीक. एकच. तोंड सरळ ठेवून गिळलं असतं तर पाटावर बसलेल्या तिच्याशिवाय कुणाला कळलं नसतं. कणगीत उरलं होतं ते तर घरालाही पुरणार नव्हतं. तिने तोंड वळवलं आणि थुंकली.

"लागतंय अजून."

"झालं!" शिंपी कण्हला. एक बाई डबा उचलून उठली आणि ओढ्याच्या वाटेला लागली. आत नवऱ्याने न विचारता आणखी एक सूप ओतलं.

दुसऱ्या वेळीही लागलं. ऊन पाटापर्यंत आलं. गिरणीवालीने मान वर केली तेव्हा रस्त्यात सुईण उभी होती. डोक्यावर डबा, दुसऱ्या हातात एक पिशवी. ओढ्याकडे निघाली होती, पण उभी राहिली होती. तिने डबा उतरवून भिंतीच्या सावलीला ठेवला आणि त्याच्यावरच बसली.

तिसऱ्यांदा वाटी आली. गिरणीवालीने चिमूट डाव्या दाढेखाली धरली, मग उजव्या, मग पुढच्या दातांत. डोळे मिटून चावत राहिली. पीठ गोड झालं, तोंडात विरघळलं आणि गेलं.

"काय गं?" शिंप्याने विचारलं. "तोंड सरळ आहे का तुझं? एरवी कधी नसतं म्हणून विचारतो."

"नाही लागत," ती म्हणाली.

"नक्की?" हे सुईणीने विचारलं.

"नक्की."

सुईण गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पायानेच डबा पुढे सरकवला. "मग आधी माझं. हा बोलत बसेल, याला काय, बसूनच शिवायचंय."

गिरणीवालीने डबा उचलला. आत वळता वळता तिची नजर सुईणीच्या दुसऱ्या हातातल्या पिशवीकडे गेली. पिशवी भरलेली होती, खालून बियांची टोकं कापडातून टोचत होती.

"आणि ते?"

"ते न्यायचंय ओढ्यापलीकडे. तुझ्याकडे कुठे घाणा आहे?"

"अजून नाही," गिरणीवाली म्हणाली, आणि तिचे दाणे नरसाळ्यात ओतले.